मरिन टँकसाठी चार स्टेजचं आरओडीआय युनिट: कॅन, किचनचा प्युरिफायर, डिस्टिल्ड सगळं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. (मरिन टँक म्हणजे समुद्री मासे आणि कोरल, म्हणजे प्रवाळ, यांचा खाऱ्या पाण्याचा टँक; आरओडीआय म्हणजे आरओच्या पाण्यात उरलेले क्षारही डीआय रेझिनच्या, म्हणजे क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक गोळ्यांच्या, मदतीने काढणारं मशीन.) पाणी एक नंबर येतं, त्यात मार्क कापायला जागाच नाही, जो एक स्टार गेलाय तो बॉक्समध्ये यायला हव्या होत्या आणि आल्याच नाहीत अशा वस्तूंसाठी गेलाय, ते खाली लिहितेच. ज्यांना घ्यावं की नाही एवढंच विचारायचंय त्यांच्यासाठी इथेच सांगून टाकते: टँक शंभर लिटरच्या वर असेल आणि नळाला दणकून प्रेशर असेल तर डोळे झाकून घ्या, प्रेशर नसेल तर बूस्टर पंपासकटच घ्या, आणि टँक छोटासा नॅनो असेल तर हे धूड भिंतीला टांगायच्या भानगडीत पडू नका, चांगलं डिस्टिल्ड वॉटर आणा आणि मजेत राहा.

आता सविस्तर. पहिला प्रश्न सगळे विचारतात तोच, की नळाचं पाणी आपण पितो, मग माशांना काय धाड भरलीय. तर प्यायचं पाणी आणि रीफचं, म्हणजे कोरलच्या टँकचं, पाणी यांची मापंच वेगळी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याच्या पाण्याच्या निकषात नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत आणि तांबं २ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. माणसाला काही होत नाही त्याने. पण रीफवाले नायट्रेट पाच-दहाच्या आत ठेवायला जिवाचं रान करतात, आणि तांबं तर विचारूच नका, माशांच्या रोगावर तांब्याचं जे साधं औषध देतात त्याचा डोस याच्या कितीतरी खाली असतो आणि तेवढ्यातसुद्धा कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळे आडवे होतात, म्हणून तर ते औषध वेगळ्या टँकमध्ये द्यावं लागतं. शिवाय सिलिकेट आणि फॉस्फेट. पिणाऱ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही पण वाळूवर आणि काचेवर जो तपकिरी थर सारखा सारखा येतो त्या डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांना सिलिकेट म्हणजे मेजवानी.

आणि खरी मेख साल्ट मिक्सच्या पाण्यात नाहीच, टॉप-अपच्या, म्हणजे उडून गेलेल्याची भर घालायच्या, पाण्यात आहे. मीठ कालवायचं पाणी लोक निवडून आणतात आणि रोजचं टॉप-अप मात्र नळाखाली मग्गा धरून करतात! उडून जातं ते नुसतं पाणी, बाकी सगळं टँकमध्येच बसून राहतं. साधा हिशोब करा. २०० लिटरचा उघडा टँक, वर लाइट आणि पंखा, रोज २ लिटर उडतं असं धरा, वर्षाला झाले ७३० लिटर. नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ३०० असेल, म्हणजे लिटरमागे साधारण ३०० मिलिग्रॅम, तर वर्षभरात २१९ ग्रॅम काहीतरी टँकमध्ये गेलं. काहीतरी म्हणजे काय ते कोणालाच माहीत नसतं. त्यात बराचसा कॅल्शियम, बायकार्बोनेट असणार, जे तसं वाईट नाही, कोरलला लागतंच, पण उरलेल्यात काय आहे? वॉटर चेंज करताना थोडं निघतं हे मान्य, पण आपण एका हाताने काढतोय आणि दुसऱ्या हाताने ओततोय असा तो प्रकार आहे.

काही जण म्हणतात आम्ही अँटीक्लोरीनचे थेंब टाकतो. टाका की. पण ते बहुतेकदा सोडियम थायोसल्फेट असतं, ते क्लोरीन मारतं, बस्स, तेवढंच त्याचं काम. नायट्रेट, फॉस्फेट, तांबं जिथल्या तिथे. गोड्या पाण्याच्या टँकला ठीक आहे, इथे नाही.

किचनमधला प्युरिफायर. हा सगळ्यात मोहाचा पर्याय कारण तो घरात आधीच लटकलेला असतो आणि त्यावर मोठ्या अक्षरात आरओ लिहिलेलं असतं. अडचण अशी की तो बनवलाय माणसाच्या जिभेसाठी. मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, पाणी छान कमी टीडीएसचं निघतं आणि पुढे कंपनीच त्यात मुद्दाम परत काहीतरी घालते, कुठे टीडीएस कंट्रोलर असतो जो मेम्ब्रेनमधून न गेलेलं पाणी मिसळतो, कुठे मिनरल कार्ट्रिज असतं, आणि हल्ली तर तांब्याचा कार्ट्रिज म्हणून मिरवतात. तांब्याचा! मरिन टँकवाल्याने ते वाचून तिथूनच परत फिरावं. आमच्या किचनच्या नळाखाली टीडीएस मीटर धरला तर ७० दाखवत होता, आणि पाणी अगदी गोड. पण एक जुगाड मात्र चालतो आणि तो मी मनापासून सुचवेन: मेम्ब्रेन संपल्या संपल्या जी नळी येते तिथे टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून पाणी बाहेर घ्यायचं आणि ते वेगळ्या डीआय कार्ट्रिजमधून काढायचं. या प्युरिफायरना पंप आधीच असतो, कार्बन असतो, सेडिमेंट असतो, नुसता डीआय नसतो. ज्यांचं बजेट कमी त्यांनी हे करा, पण जोडणी कोणत्या नळीतून केली ते मीटर लावून तपासा, रंग बघून अंदाज बांधू नका.

कॅनचं पाणी म्हणजे जुगार. आज टीडीएस १५ येतो, पुढच्या वेळी ९०, विचारलं तर "आरओचंच आहे" हे ठरलेलं उत्तर. बाटलीबंद पाण्यातही बऱ्याचदा चवीसाठी मिनरल घातलेले असतात. शिवाय कॅन उचलून उचलून कंबरेचं जे होतं ते वेगळंच, २० लिटर म्हणजे २० किलो, आणि मोठा वॉटर चेंज म्हटलं की असे दोन-तीन.

डिस्टिल्ड वॉटर खरंच चांगलं, यात वाद नाही, वाफ करून परत थंड केलेलं पाणी, टीडीएस शून्य किंवा एक. जुनी भीती असते की यंत्राच्या आत तांब्याच्या नळ्या असतात, चांगल्या प्लांटमध्ये स्टीलच असतं, तरी एकदा कॉपर टेस्ट करून घ्या, मन शांत राहतं. बॅटरीसाठी मिळतं ते बऱ्याचदा डिस्टिल्ड नसून डीमिनरलाइज्ड असतं, म्हणजे रेझिनमधून काढलेलं, तेही चालतं, पण मीटर लावून आणि तो डबा आधी कशाला वापरला होता ते बघून. पुन्हा भरलेल्या कळकट डब्यातलं मी कधीच घेणार नाही. नॅनोवाल्यांना हे सगळ्यात सोपं. मोठ्या टँकला मात्र डबे आणून आणून जीव जातो. एसीचं पाणी बादलीत साठवून टीडीएस बघा कसा कमी म्हणून फोटो टाकणारेही आहेत, त्यांना एवढंच सांगेन की ते पाणी तांब्याच्या आणि अॅल्युमिनियमच्या कॉइलवरून, धूळ आणि बुरशीवरून ओघळत आलंय, आणि मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, विष किती आहे ते नाही.

तर मशीनकडे येऊ. चार स्टेज म्हणजे सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, आरओ मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन. सेडिमेंट गाळ अडवतो. कार्बन क्लोरीन काढतो, आणि ते फार महत्त्वाचं कारण हे पातळ थराचं मेम्ब्रेन क्लोरीनने हळूहळू सडतं, म्हणजे स्वस्तातला कार्बन बदलायचा कंटाळा केला की महागातलं मेम्ब्रेन जातं. मेम्ब्रेन बहुतेक सगळं म्हणजे ९५ ते ९८ टक्के अडवतं. माझे आकडे: नळाला ३१०, मेम्ब्रेननंतर ९, डीआयनंतर ०. म्हणजे मेम्ब्रेन ९७ टक्क्यांचं काम करतंय आणि शेवटचा जो चुकार माल निसटतो तो रेझिन गिळतं. लोक विचारतात ९ म्हणजे चांगलंच की, डीआय कशाला. अहो ते ९ कशाचे आहेत ते महत्त्वाचं, सिलिकेट, नायट्रेट यांनाच मेम्ब्रेनमधून निसटायची सवय जास्त. डीआयशिवायचं युनिट मरिनसाठी घेऊ नका, चार स्टेज असं लिहून चौथी स्टेज म्हणून चवीचा कार्बन देणारेही आहेत, नीट वाचा.

प्रेशर. या एका गोष्टीवर रिव्ह्यू फिरतो. डब्यावर लिहिलंय ७५ गॅलन रोजचे, म्हणजे २८४ लिटर, तासाला बारा लिटर. ते कधी? नळाला ६० पीएसआयच्या आसपास प्रेशर आणि पाणी २५ अंशाला असेल तेव्हा. डोक्यावरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दहा मीटर उंचीमागे साधारण १४ पीएसआय मिळतात, म्हणजे टाकी एक मजला वर असेल तर चार-पाच पीएसआय, त्यात मेम्ब्रेन झोपूनच राहतं. बाहेर थेंब थेंब येतं, वेस्टला, म्हणजे अडवलेले क्षार घेऊन बाहेर जाणाऱ्या नळीला, मात्र धो धो वाहतं, आणि वर टीडीएसही वाढलेला. वन स्टार रिव्ह्यू टाकणारे निम्मे लोक मला वाटतं हेच भोगत असणार. बूस्टर पंप लावून, वेगळ्या लावलेल्या गेजचा काटा ७० वर नेला आणि त्याच मेम्ब्रेनने तासाला दहाच्या वर लिटर दिले, टीडीएस वीसवरून नऊवर आला. पंप हा एक्स्ट्रा आहे असं समजूच नका. थंडीत वेग कमी होतो तोही बिघाड नाही, पाणी गार झालं की मेम्ब्रेनमधून कमीच जातं.

वेस्ट पाण्यावरून घरात बोलणी बसतात ती खरीच आहेत. एक लिटर चांगल्यामागे तीन, कधी चार लिटर जातं. पण ते घाण पाणी नव्हे, नळाचंच पाणी थोडं घट्ट झालेलं, ३१० चं ४०० च्या आसपास होतं. त्यात क्लोरीनही कार्बनने काढलेला असतो. बादल्या लावून ठेवल्या की फरशी, गाडी, फ्लश सगळं निघतं. वेस्टच्या नळीला चिमटा लावून पाणी वाचवणारे हुशार लोकही बघितलेत, असं करू नका, त्या नळीतला फ्लो रिस्ट्रिक्टर, म्हणजे वेस्टचा प्रवाह ठरवणारा तुकडा, मेम्ब्रेनच्या मापाचा असतो, वेस्ट दाबलं की क्षार मेम्ब्रेनवर बसतात आणि मग सहा महिन्यांत नवीन मेम्ब्रेन. फ्लश व्हॉल्व्ह असेल तर अधूनमधून उघडून धुवून घ्या.

आता जी गोष्ट मॅन्युअलमध्ये कुठेच नव्हती ती. युनिट बंद ठेवून परत चालू केलं की पहिली काही मिनिटं टीडीएस चढलेला असतो. मीटर मेम्ब्रेन आणि डीआयच्या मधे लावलाय म्हणून दिसतं: चालू केल्या केल्या ८५, मग ६०, ३०, आणि मग हळूहळू ९ वर येऊन थांबतो. बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार सरकून सरकून सारखे होत जातात म्हणून. ते पाणी डीआयमध्ये गेलं तर रेझिनचा बराचसा जीव तिथेच संपतो. मी मधे एक टी आणि छोटा व्हॉल्व्ह बसवलाय, पहिलं पाणी वेस्टच्या बादलीत सोडते आणि आकडा दहाच्या खाली आला की डीआयकडे वळवते. रोज दोन-दोन लिटर काढण्यापेक्षा आठवड्याचं एकदम काढून ठेवावं ते याचसाठी. ऑटो टॉप-अपला थेट युनिट जोडून ठेवणाऱ्यांचं रेझिन इतक्या लवकर का संपतं त्याचंही हेच उत्तर, दिवसातून दहा वेळा दोन-दोन मिनिटं चालू होतं आणि प्रत्येक वेळी घाणच आत जाते. आणि पाण्याची पातळी बघणारा फ्लोट अडकला तर घरात पूर, ते वेगळंच.

रेझिन बघायला मजा येते हे कबूल. पारदर्शक कॅनिस्टर आहे, पाणी खालून वर चढतं, निळसर गोळ्या खालून तपकिरी होत येतात आणि मधली रेघ महिन्या-महिन्याने वर सरकलेली दिसते. तीन चतुर्थांश तपकिरी झालं की मी बदलते, पूर्ण होईपर्यंत थांबत नाही. कारण रेझिन भरलं की ते आधी धरलेलं परत सोडायला लागतं, आणि जे सैल धरलेलं असतं ते आधी सुटतं, म्हणजे सिलिकेट. मीटरला सिलिकेट धड दिसतही नाही. तेव्हा आकडा शून्य आणि काचेवर तपकिरी थर असं झालं की रेझिनकडे बघा, मिठाच्या ब्रँडला शिव्या देऊ नका. मीटर शून्याचा एक झाला तरी मी बदलते, दोनची वाट बघत नाही.

कोणाचं रेझिन मेम्ब्रेन उत्तम असूनही भराभर संपत असेल तर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बघा. तो वायू असल्यामुळे मेम्ब्रेनमधून आरपार जातो, मीटरवर जवळजवळ दिसत नाही, आणि रेझिनचा अर्धा भाग खाऊन टाकतो. बोअरच्या पाण्याला हे जास्त होतं. उपाय साधा, आरओचं पाणी एका पिंपात रात्रभर एअर स्टोन लावून ठेवायचं आणि मग डीआयमधून काढायचं. कटकट आहे, पण होतं. आणि पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर साधा कार्बन पुरत नाही, ते भराभर तोडणारा कॅटॅलिटिक कार्बन लागतो, आणि ते तुटलं की जो अमोनिया उरतो तो डीआयच्या डोक्यावर बसतो. कार्बन संपला का ते बघायला वेस्टच्या पाण्यात क्लोरीनची पट्टी बुडवायची, रंग आला की कार्बन गेला.

आता तक्रारी. गेज नाही दिला. ज्या मशीनचं सगळं काम प्रेशरवर चालतं त्याला प्रेशर गेज नाही म्हणजे काय म्हणायचं! बायपास व्हॉल्व्ह नाही, नवीन मेम्ब्रेन पहिले काही तास धुवून टाकावं लागतं कारण ते प्रिझर्व्हेटिव्हमध्ये येतं, आणि बायपास नसेल तर ते सगळं नव्या कोऱ्या रेझिनमधून जातं, म्हणजे पहिल्याच दिवशी रेझिनची वाट. मी नळी काढून धुतलं, पण मॅन्युअलमध्ये एक ओळ टाकायला काय झालं होतं? रेझिनचा कार्ट्रिज अर्धवट भरलेला आला, हलवला की खुळखुळ वाजत होता, आणि सैल रेझिनमध्ये पाणी आपली वाट काढून एका बाजूनेच जातं, बाकीचं कोरंच राहतं. वरून ठोकून, आणखी रेझिन भरून घट्ट केला. याच कारणाने आडवा डीआय असलेली युनिट मी सुचवत नाही, उभाच घ्या. पाव इंची नळ्यांचे पुश फिटिंग चांगले आहेत पण एका एल्बोतून सारखा थेंब, सुरुवातीला वाटलं फिटिंगच फुटकं आहे, बघितलं तर कंपनीतूनच नळी तिरकी कापलेली, काटकोनात कापून पूर्ण आतपर्यंत ढकलली की थेंब बंद. विक्रेत्याला मेसेज केला तर त्याने मेम्ब्रेन बदलून घ्या म्हणून उत्तर दिलं. नळी गळतेय आणि मेम्ब्रेन बदला. असो.

साठवण्याबद्दल थोडंसं. खायच्या वस्तूंसाठीचं प्लास्टिकचं झाकणाचं पिंप, त्यावर २ नंबर असतो ते एचडीपीई, उन्हापासून लांब. धातूचं काही नको, हे पाणी भुकेलं असतं, जे लागेल ते विरघळवतं. पीएच मोजून साडेपाच आलं म्हणून घाबरू नका, या पाण्यात काही उरलेलंच नसल्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो खाली जातो, मीठ टाकलं की जागेवर येतो. मीठ पाण्यात टाका, मिठावर पाणी ओतू नका, पावरहेड (पाण्यातला छोटा पंप) लावून फिरवत ठेवा आणि खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२६ आलं की झालं.

सेडिमेंट आणि कार्बन मी सहा महिन्यांनी बदलते, पाणी गढूळ असेल तर आधी. मेम्ब्रेन नीट सांभाळलं तर दोन-तीन वर्षं जायला हरकत नाही. पुढची भर म्हणून डीआयचा दुसरा कॅनिस्टर ओळीत जोडतेय, पहिला संपला की दुसऱ्याला पहिल्याच्या जागी आणायचं आणि नवा मागे लावायचा, म्हणजे पहिल्याचं रेझिन शेवटच्या गोळीपर्यंत वापरता येतं आणि टँकमध्ये काही निसटत नाही. रेझिनचं जास्तीचं पाकीट घरात असू द्या, फक्त सीलबंद ठेवा, वाळलं की कामातून गेलं.